सुटकेच्या चार तारखा

मार्च २०२५ मध्ये परराष्ट्र खात्यानं राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार परदेशांतल्या तुरुंगांत १०,१५२ भारतीय होते. खटला अजून चालू आहे असेही त्यांत आले. त्यांपैकी २,५१८ जण संयुक्त अरब अमिरातीत होते. सौदी अरेबियाच्या खालोखाल हाच आकडा. दुबईतलं अल अवीर, अबुधाबीतलं अल वथबा, शारजाचं मध्यवर्ती कारागृह. ज्या घरातलं माणूस आत आहे, त्या घराला ही नावं सांगावी लागत नाहीत. त्या घराला एकच गोष्ट विचारायची असते: तो सुटणार कधी?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे साधी वजाबाकी असायला हवी. ती तशी नसते. गुन्हा किती मोठा, शिक्षा कडक की सौम्य, हा माझा विषय नाही. गुन्हा शाबीत झाला असेल तर शिक्षा भोगावी. मी फक्त हिशेबाबद्दल बोलतोय. शिक्षा झालेल्या प्रत्येक माणसाला त्याच्या दिवसांचा जमाखर्च लेखी मिळाला पाहिजे. त्यात चूक वाटली तर दाद कुठं मागायची, तेही त्यावर छापलेलं पाहिजे. आणि एका देशाच्या तुरुंगातून दुसऱ्या देशाच्या तुरुंगात जायच्या कागदावर त्याची सही घेणार असाल, तर हा हिशेब सहीच्या आधी त्याच्यापुढं ठेवा.

१. आधी गणित

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडच्या एका ड्रायव्हरला दुबईत दहा वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा अमली पदार्थांचा नाही. शिक्षा १ जानेवारी २०२० पासून मोजायची. अमिरातीच्या १९९२ च्या कारागृह कायद्यात एक जुना नियम आहे: वर्तणूक चांगली असेल, सार्वजनिक सुरक्षेला धोका नसेल आणि पैशाची देणी अडलेली नसतील, तर तीन चतुर्थांश शिक्षा भोगल्यावर सशर्त सुटका. म्हणजे साडेसात वर्षं. जून २०२७ ची अखेर.

आता पाच वर्षं झाल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, या माणसाला उरलेली शिक्षा भोगायला महाराष्ट्रात आणलं असं धरू. आपल्याकडे चांगल्या वर्तणुकीची आणि कामाची मिळून महिन्याला साधारण सात दिवस माफी मिळते. वार्षिक आणि विशेष माफी सोडून देऊ, हिशेब सोपा राहील. ही माफी इथं काढलेल्या दिवसांवरच धरली, तर तो जानेवारी २०२९ च्या अखेरीस सुटतो. दुबईत काढलेल्या पाच वर्षांवरही धरली, तर फेब्रुवारी २०२८ मध्ये. माफी अजिबात लागू नाही असं कुणी ठरवलं, तर डिसेंबर २०२९.

माणूस तोच, गुन्हा तोच, निकाल तोच, आणि तारखा चार. पहिली आणि शेवटची यांत अडीच वर्षांचं अंतर. घरी यायला मिळावं म्हणून त्यानं सही केली आणि कुठलंही कोष्टक लावलं, तरी तो दुबईतल्या तारखेच्या आधी काही सुटत नाही. आईला महिन्यातून एकदा खिडकीतून बघायला मिळेल, आपल्या भाषेत बोलता येईल, यासाठी तो ही किंमत कदाचित आनंदानं मोजेल. तो त्याचा निर्णय. पण किंमत किती, हे त्याला आधी कळलं पाहिजे.

२. करार आहे, पण त्यात गणित नाही

शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हस्तांतरणाचा भारत-अमिराती करार नोव्हेंबर २०११ मध्ये झाला. आपला कायदा त्याआधीचा, २००३ चा. तो १ जानेवारी २००४ पासून लागू आहे. अशा करारांच्या अटी साधारण सारख्या असतात. निकाल अंतिम झालेला हवा, फाशीची शिक्षा नको, काही महिन्यांची तरी शिक्षा शिल्लक हवी, दोन्ही सरकारं राजी हवीत आणि कैद्याची संमती हवी.

संमती हा शब्द कागदावर छान दिसतो. पण ज्याला आपला निकाल वाचता येत नाही, त्याची संमती कसली? अमिरातीच्या न्यायालयांचं कामकाज अरबीत चालतं. निकालपत्र अरबीत, कारागृहाची नोंद अरबीत. आपल्याला नक्की किती महिने झाले आणि अटकेनंतरचे किती दिवस वजा झाले, हे तो शेजारच्या बराकीतल्या मल्याळी माणसाला विचारून ठरवतो. निकालाआधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, तसं तिथल्या कायद्यातही आहे आणि आपल्याकडेही. आपल्याकडे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२८ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं कलम ४६८. नियम आहे, ही अर्धीच गोष्ट. तो आपल्या बाबतीत लावला गेला की नाही, हे तपासायला कागद हातात लागतो.

३. ईदची माफी मोजता येत नाही

रमजानच्या तोंडावर, दोन्ही ईदना आणि २ डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाला अमिरातीत मोठ्या संख्येनं कैदी सोडले जातात. २०२५ च्या रमजानआधी राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद यांनी १,२९५ आणि दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन राशिद यांनी १,५१८ कैद्यांना माफी दिली. त्यांत पाचशेहून जास्त भारतीय असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. माफी मिळालेल्यांचा दंड किंवा देणी भरण्याचा भारही कधी कधी सरकार उचलतं. हे चांगलंच आहे, नाव ठेवायचं कारण नाही.

पण ही मेहेरबानी आहे, जमा झालेला हक्क नव्हे. तिच्यावर अर्ज चालतो, अपील चालत नाही. यादीत शेजाऱ्याचं नाव का आलं आणि आपलं का नाही, हे विचारायची सोय नाही. तरीही तिकडच्या कैद्याच्या मनातल्या हिशेबात ती असतेच. भारतात गेलो तर पुढच्या ईदची यादी हुकली, ही भीती खरी आहे. हस्तांतरणाचे अर्ज रेंगाळतात तेव्हा आपण सरकारी दिरंगाईला दोष देतो, तो काही प्रमाणात योग्यही आहे. पण सही न करणारा कैदी मूर्ख नसतो. त्यानं पहिल्या मुद्द्यातलं गणित कागदाशिवाय केलेलं असतं, इतकंच.

४. दुबईची शिडी

कोष्टक म्हणजे काय, याचा एक नमुना दुबईतच आहे. २००२ मध्ये तिथं कुराण पाठ करणाऱ्या कैद्यांसाठी सवलत सुरू झाली आणि तिचं माप ठरवून दिलं गेलं. संपूर्ण कुराण पाठ केलं तर वीस वर्षांची सूट, वीस भाग केले तर पंधरा, पंधरा भाग केले तर दहा, दहा भागांना पाच वर्षं, पाच भागांना एक वर्ष, तीन भागांना सहा महिने. धर्मग्रंथाच्या पाठांतरावर शिक्षा कमी करावी का, यावर वाद घालता येईल आणि मी घालेनही. इतर धर्मांच्या कैद्याला तेवढ्याच उंचीची दुसरी कुठली शिडी आहे, हा प्रश्न तर विचारायलाच हवा. पण शिडीच्या पायऱ्या मोजलेल्या आहेत. किती चढलं की किती उतरतं, हे आत बसलेल्याला माहीत असतं.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या कारागृहांत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या बंद्याला ९० दिवसांची विशेष माफी मिळते. तीही अशीच पायरी. पदवी मिळाली, नव्वद दिवस जमा. अशा गोष्टींत बंदी हुज्जत घालत नाहीत. हुज्जत होते ती जिथं पायरी कुणीतरी मनानं ठरवतं तिथं.

५. गोपाळ गोडसे यांचे २,८९३ दिवस

माफीच्या दिवसांचा हिशेब घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत सगळ्यात गाजलेलं नाव मराठी आहे, आणि ते घेताना बरं वाटत नाही. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे. त्यांच्याविषयी मला काडीचीही सहानुभूती नाही. पण कायद्याचा विद्यार्थी असो की कैद्याची बायको, दोघांनाही हा खटला टाळून पुढं जाता येत नाही.

शिक्षा फेब्रुवारी १९४९ ची. सप्टेंबर १९६० पर्यंत त्यांच्या नावावर जमलेली माफी अशी होती: साधारण ८३६ दिवस, विशेष २०६, शारीरिक शिक्षणाबद्दल ११३, लेखन-वाचनाच्या कामाबद्दल १०८, वार्षिक चांगल्या वर्तणुकीबद्दल २५० आणि सरकारनं वेळोवेळी दिलेली १,३८०. एकूण २,८९३. प्रत्यक्ष भोगलेली वर्षं आणि ही माफी मिळून वीस वर्षं होतात, जन्मठेप म्हणजे वीस वर्षं, तेव्हा मला सोडा, असं त्यांचं म्हणणं.

जानेवारी १९६१ मध्ये घटनापीठानं ते फेटाळलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी निकाल लिहिला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. दंड संहितेतला वीस वर्षांचा उल्लेख शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरता आहे. आयुष्य किती ते कुणाला माहीत नाही, म्हणून त्यातून माफीचे दिवस वजा करता येत नाहीत. सुटका हवी तर सरकारनं शिक्षा कमी केली पाहिजे, आणि तो सरकारचा अधिकार आहे. पुढं १९६४ मध्ये सरकारनंच त्यांना सोडलं.

निकाल कायद्यानं बरोबर आहे, असं मला वाटतं. पण यादीकडं बघा. १९६० मध्ये, संगणक नसताना, तुरुंगातल्या कारकुनानं एका बंद्याचे दिवस सहा रकान्यांत वेगळे मांडले होते. तो बंदी हरला, पण नक्की कशासाठी भांडतोय हे त्याला दिवसापर्यंत माहीत होतं. आजच्या अल अवीरमधल्या किती जणांना एवढं माहीत असेल?

६. मॉरिशसहून आलेला माणूस

हस्तांतरणाच्या संदर्भात सगळ्यात महत्त्वाचा निकाल मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात अमिराती कुठंच नाही, पण अमिरातीतल्या प्रत्येक भारतीय कैद्याला तो लागू पडतो.

एका भारतीयाला मॉरिशसमध्ये हेरॉइन नेल्याबद्दल २६ वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये त्याला उरलेली शिक्षा भोगायला भारतात पाठवलं गेलं. इथं आल्यावर त्यानं अर्ज केला: माझ्याकडं जेवढं हेरॉइन सापडलं तेवढ्याला भारतीय कायद्यात जास्तीत जास्त दहा वर्षं आहेत, तेव्हा माझी शिक्षा दहा वर्षांवर आणा. आधार होता २००३ च्या कायद्याचं कलम १३. परदेशातली शिक्षा भारतीय कायद्याशी विसंगत असेल तर केंद्र सरकार ती जुळवून घेऊ शकतं, आणि जुळवताना मूळ शिक्षेपेक्षा ती वाढवता येत नाही, असं ते कलम सांगतं. केंद्रानं अर्ज नाकारला. मुंबई उच्च न्यायालयानं बंद्याची बाजू घेतली.

११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. दुसऱ्या देशानं दिलेली शिक्षा आपल्या शिक्षेपेक्षा मोठी आहे, एवढ्यानं ती विसंगत ठरत नाही. विसंगत म्हणजे आपल्या मूलभूत कायद्याच्या विरोधात जाणारी. करारात मूळ शिक्षेची मुदत पाळायचं कबूल केलंय, ती पाळली पाहिजे. नाहीतर उद्या कुणी देश आपल्या हाती कैदी देणार नाही, हा त्यामागचा व्यवहार.

हा तर्क मला पटतो, आणि तरी तो माणूस डोळ्यापुढून हलत नाही. कारण सही करताना त्याला वाटलं असणार की भारतात गेलो की भारतीय माप लागेल. त्याला कुणी सांगितलं का, की मुदत मॉरिशसची राहील आणि जागा फक्त बदलेल? न्यायालयापुढं हा प्रश्न नव्हता. तो आपला, नागरिकांचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला लढून जे कळलं, ते एका परिच्छेदात आधी सांगता आलं असतं.

मुदतीचं उत्तर त्या निकालानं दिलं. माफीचं उरलंच. आयात झालेल्या शिक्षेवर महाराष्ट्राची माफी कुठल्या दिवसापासून लागू, तिकडे जमलेली सवलत इकडे जमा धरायची का, तिकडचा तीन चतुर्थांशाचा नियम सीमेवर गळून पडतो का? केंद्रानं आणि महाराष्ट्राच्या गृह विभागानं मिळून याचं एक पानाचं परिपत्रक काढावं. काढताना कैद्याच्या बाजूनं काढा असंही मी म्हणत नाही. काढा, एवढंच.

७. अमली पदार्थांचा वेगळा फास

आपल्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ३२-अ सांगतं की या कायद्याखालच्या शिक्षेत माफी नाही. त्याला आव्हान देणारा खटलाही महाराष्ट्रातलाच. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातला एक भाग काढून टाकला: अपील चालू असताना शिक्षा स्थगित करायचा न्यायालयाचा अधिकार काढून घेता येत नाही, असं ठरलं. माफीवरची बंदी मात्र कायम राहिली.

अमिरातीत गोळ्यांच्या किंवा गांजाच्या प्रकरणात अडकलेला माणूस इथं आला, तर हे कलम त्याला लागू का? शिक्षा आपल्या कायद्याखाली झालेली नाही. पण इथं आल्यावर ती भारतीय न्यायालयानं दिली असं मानून भोगायची असते. दोन वकील दोन उत्तरं देतील. अमिरातीनं २०२१ मध्ये आपला अमली पदार्थांचा कायदा नव्यानं लिहिला आणि पहिल्यांदा सापडलेल्यांसाठी तो काहीसा सैल केला. तेव्हा तिकडचं माप सैल होताना इकडं येणाऱ्याचं आवळलं जाण्याची शक्यता आहे. आणि या प्रकरणांत अडकणारे सगळेच तस्कर नसतात. २०२३ मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीच्या हातात दिलेल्या ट्रॉफीत अमली पदार्थ लपवून तिला शारजाच्या तुरुंगात पोचवण्यात आलं होतं. ती निर्दोष म्हणून सुटली. सगळ्यांची प्रकरणं वर्तमानपत्रात येत नाहीत.

८. घड्याळ कधी सुरू झालं?

एकाच दिवसाची किंमत लावायच्या किती तऱ्हा असतात, त्याची दोन उदाहरणं घरचीच.

एक नाशिकच्या तुरुंगातलं. गुंड अबू सालेम, मुंबईहून पळून नव्वदच्या दशकात दुबईत बस्तान बसवलेला. सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला, नोव्हेंबर २००५ मध्ये भारतात आला. पोर्तुगालला तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी शब्द दिला होता: फाशी नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवास नाही. मग २५ वर्षं कधीपासून? पोर्तुगालमधल्या अटकेपासून, असं तो म्हणाला. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये १२ ऑक्टोबर २००५ ही तारीख धरली, कारण त्याआधी तो तिकडच्याच गुन्ह्याची शिक्षा भोगत होता. नंतर त्यानं माफीचे दिवस धरून २५ वर्षं भरली असा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात केला, आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालय म्हणालं की प्रथमदर्शनी भरलेली दिसत नाहीत. त्याच्यासारख्याचा हिशेब सरकारनं तपासून, ठासून मांडावा हे रास्तच. पण त्याच्याकडं वकील आहेत, दिलेला शब्द आहे, दुसऱ्या देशाचं न्यायालय आहे. खेडच्या ड्रायव्हरकडं यांतलं काय आहे?

दुसरं गोव्यातलं. जन्मठेपेच्या बंद्यांनी मुदतपूर्व सुटका मागितली आणि पॅरोलवर, म्हणजे अभिवचन रजेवर, घालवलेले दिवस चौदा वर्षांत धरा असं म्हटलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला: चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढलेली हवीत. संचित रजेचं, ज्याला फर्लो म्हणतात त्याचं, गणित वेगळं असतं. घरी काढलेले पंधरा दिवस एका कागदावर शिक्षेत मोजले जातात, दुसऱ्यावर नाहीत. बंद्याला दोन्ही वेळा घरच सारखं दिसतं.

९. सात दिवसांसाठी आठ वर्षं

अमेरिकेच्या कायद्यात चांगल्या वर्तणुकीबद्दल वर्षाला ५४ दिवसांपर्यंत सूट लिहिलेली होती. तिथलं तुरुंग खातं ती सूट दिलेल्या शिक्षेवर न मोजता प्रत्यक्ष भोगलेल्या काळावर मोजत असे. त्यामुळं हातात ४७ च्या आसपास पडत. दहा वर्षांच्या शिक्षेत सत्तर दिवसांचा फरक. कैदी न्यायालयात गेले आणि जून २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी हरले. निकालाला बीजगणिताची सूत्रं जोडलेली आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये कायदेमंडळानं वाक्य दुरुस्त करून खरोखर ५४ केले, आणि जुलै २०१९ मध्ये ती दुरुस्ती लागू झाली तेव्हा ३,१०० च्या आसपास माणसं एकदम बाहेर आली.

कैद्यांचे लाड कशाला, असं म्हणणाऱ्या वाचकासाठी हे सांगितलं. न्यायालयात हरूनही त्यांचा मुद्दा पुढं गेला, कारण ४७ आणि ५४ हे आकडे कुणालाही दिसत होते. छापलेल्या सूत्रावरच असं भांडता येतं.

१०. कागद जिथं पुरत नाही

एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. कागद दिला म्हणून माणूस सुटतो का? अमिरातीतच त्याचं उलट उदाहरण आहे. २०१३ मध्ये ९४ जणांवर एकत्र चाललेल्या राजकीय खटल्यात ६९ जणांना शिक्षा झाल्या. त्यांतल्या अनेकांची मुदत भरली तरी त्यांना सोडलं नाही. २०१४ च्या दहशतवादविरोधी कायद्यानुसार त्यांना 'समुपदेशना'साठी अल रझीनच्या तुरुंगातच ठेवण्यात आलं. मग डिसेंबर २०२३ मध्ये नवा खटला उभा राहिला आणि जुलै २०२४ मध्ये ४३ जणांना जन्मठेप झाली. तिथं हिशेबाची वही काही कामाची नव्हती. तारीख सगळ्यांना माहीत होती.

पण ते राजकीय कैदी होते, आणि राज्याला त्यांना सोडायचंच नव्हतं. मारामारी, अपहार, व्हिसा संपल्यावर केलेली भानगड, अशा गुन्ह्यांतल्या माणसाला जादा ठेवण्यात कुठल्याच सरकारला रस नसतो. त्याचे दिवस वाढतात ते फाइल हलली नाही म्हणून, किंवा वजाबाकी कुणी केलीच नाही म्हणून. भारतातही असंच होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं की शिक्षा भोगून झालेले बंदी अजून आत आहेत का ते तपासा. पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेशातल्या एकाला, शिक्षा संपल्यावरही साडेचार वर्षांहून जास्त आत ठेवल्याबद्दल, २५ लाख रुपये भरपाई द्यावी लागली. आपलं घर असं असताना अबुधाबीला हिशेब विचारायचा, हे जरा अवघडच. म्हणून मागणी आधी आपल्याच सरकारकडं करू.

११. कुणी काय करायचं

अबुधाबीची वकिलात आणि दुबईचा वाणिज्य दूतावास यांचे अधिकारी तुरुंगभेटी देतात. संकटातल्या भारतीयांसाठी २००९ पासून समाज कल्याण निधी आहे, तक्रारीसाठी २०१५ पासून मदद पोर्टल आहे. यंत्रणा आहे, तेव्हा नवी समिती नको. हवं ते एवढंच: प्रत्येक भेटीनंतर, कैद्याची परवानगी घेऊन, तिथल्या कारागृहाकडून त्याच्या दिवसांची नोंद मागवायची आणि तिचं त्याला वाचता येणाऱ्या भाषेत रूपांतर करून त्याच्या हाती द्यायचं. अनेक देशांच्या गोपनीयतेच्या नियमांमुळं कैद्याच्या संमतीशिवाय माहिती मिळत नाही, असं परराष्ट्र खातं संसदेत सांगत आलंय. ठीक आहे, मग पहिल्याच भेटीत ती संमती घ्या. संसदेतल्या उत्तरांत कैद्यांचा आकडा देशवार असतो. तो राज्यवारही द्या, म्हणजे मंत्रालयात कुणाला तरी त्याची जबाबदारी वाटेल.

महाराष्ट्रात प्रत्येक बंद्याचं हिस्ट्री तिकीट असतं, त्यावर माफीची नोंद होते. परदेशातून आलेल्याचं तिकीट कोऱ्या पानापासून सुरू करायचं नाही, असा आदेश गृह विभागानं काढावा. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं आत असलेल्याच्या घरच्यांना, खेडला असोत की म्हसळ्याला, हा कागद वाचून दाखवायची सोय करावी. आईच्या हातात तो पडला पाहिजे. वकिलाच्या कपाटात नको.

कागद मोठा लागत नाही. एका पानावर आठ रकाने: अटकेची तारीख, निकालाची तारीख, दिलेली शिक्षा, कोठडीचे वजा झालेले दिवस, मिळालेली माफी, तिकडच्या नियमानं सुटकेची तारीख, इकडं आल्यास सुटकेची तारीख, चूक असल्यास कुठं आणि किती दिवसांत कळवायचं. खाली दोन सह्या, एक अधिकाऱ्याची, एक त्याची. आज संमतीचा अर्ज भरताना सातव्या रकान्यात लिहायला दोन्ही देशांत कुणाजवळ आकडा नाही.